मालिकांना शेवट ठरवून द्या: 'माणदेशी' यांच्या पोस्टला उत्तर

साडेआठचा_टीव्ही (सांगली)

काल माणदेशी यांनी लिहिलं की सातारा-सांगलीत चित्रीकरण होणाऱ्या मालिका आपल्या बोलीची चेष्टा करतात, चार-चार वर्षं एकच भांडण दळत बसतात, आणि "ज्यांना डोकं नाही तेच रोज टीव्हीपुढं बसतात, या मालिका बंद पडल्या तर गावाचं भलंच होईल". पहिल्या दोन मुद्द्यांवर बोलता येईल. तिसरं वाचून मात्र राहवेना, म्हणून सविस्तर लिहिते.

रोज मालिका बघणारा माणूस डोकं बाजूला काढून ठेवत नाही. पटकथाकार बदलला की मुरलेल्या प्रेक्षकाला ते श्रेयनामावली न वाचता कळतं. पात्र स्वतःचंच मागचं बोलणं विसरतं. कालपर्यंत दार लावून बोलणारी सून आज ओसरीवर सगळ्यांदेखत भांडते. ज्या सासऱ्याला साखरेचा आजार होता तो मिटक्या मारत पेढा खातो. हे टिपणारा प्रेक्षक बिनडोक कसा?

मालिका बिघडते कुठं, ते गणितानं बघा. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला ३१२. जाहिराती वजा जाता एका भागात २१-२२ मिनिटं. वर्षाचे झाले साधारण ११४ तास. अडीच तासांचा सिनेमा धरला तर ४५ सिनेमे, तेही एकाच कुटुंबावर, एकाच वाड्यात, त्याच दहा-बारा माणसांत. इतकी गोष्ट कुठल्याच घरात नसते. मग भरणा सुरू होतो.

भरणा कसा होतो, घड्याळ लावून बघा. सुनेच्या हातून ताम्हण पडतं. सासू, सासरे, आजी, नवरा, दीर, जाऊ, नणंद, कामवाल्या मावशी, असे आठ चेहरे. प्रत्येकावर चार सेकंद, मग तीच फेरी परत उलट्या क्रमानं. मध्ये ताम्हण तीन वेळा पडतं, दर वेळी पाच सेकंद. झाली ८० सेकंदं, आणि अजून कुणी एक शब्द बोललेलं नाही. इथं ब्रेक. ब्रेकनंतर शेवटची २० सेकंदं परत. उद्याच्या भागात 'मागील भागात' म्हणून अजून एकदा. एक ताम्हण दोन दिवसांत दोन-अडीच मिनिटं खातं.

दुसरी गडबड पंचांगाची. मालिकेतली एक रात्र आपल्याकडं दहा दिवस चालते, पण वटपौर्णिमा, मंगळागौर, गणपती, नवरात्र, संक्रांत मात्र ज्या त्या तारखेला यावीच लागते. त्यामुळं गोष्टीतला काळ आणि भिंतीवरचं कॅलेंडर यांचं कधीच जमत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिवस राहिल्याचं कळलेली बाई वटपौर्णिमेला वडाभोवती भरभर फेऱ्या मारते आणि पोट दिसत नाही. दिवाळी उलटली तरी डोहाळजेवण व्हायचंच असतं. मग एकच उपाय उरतो, लीप. सहा वर्षं पुढं, पोरगं शाळेत.

हे सगळं एका कारणानं होतं. पहिला भाग दाखवला जातो तेव्हा शेवटचा भाग कुणाच्याच डोक्यात नसतो. ज्यांच्या डोक्यात होता त्यांच्या मालिका आजही आठवतात. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्येच सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. 'रुद्रम' २०१७ मध्ये झी युवावर आली, एका बाईचा शोध जिथं संपला तिथं थांबली. उलट 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. ती जिवापाड आवडली होती, तरी मधली कित्येक वर्षं गोष्टीसाठी बघितली का, तर नाही. माणसांच्या सवयीसाठी बघितली.

माझं म्हणणं एवढंच. मालिका सुरू करतानाच शेवट ठरवा. बंद पाडा म्हणणं हा उपाय नव्हे.

माणदेशी

गणित मान्य. पण माझा मुद्दा तुम्ही पायाखाली घातलात. लांबी मुंबईतल्या मालिकांचीही तेवढीच असते. त्यांच्यावर मी बोललोच नव्हतो. मी बोललो ते आपल्याकडच्या चित्रीकरणावर. ही मंडळी वाईला येतात, कृष्णेचा घाट दाखवतात, वाडा दाखवतात, बैलगाडी दाखवतात आणि माणसांच्या तोंडात "म्या पानी आनलं" घालतात. गावातला माणूस म्हणजे तोंड वाकडं करून बोलणारा, एवढीच त्यांची समज. गाव दुष्काळी सांगायचं आणि मागं नदी दुथडी भरून वाहताना दाखवायची. माण-खटावात, आटपाडीत, जतला असा घाट कुठं आहे? दुष्काळ दाखवायचा तर तिथं या. येत नाहीत, कारण तिथं राहायला हॉटेल नाही.

आणि रोज हे बघून "आपलं गाव टीव्हीवर आलं" म्हणून खूश होणाऱ्यांना मी काय म्हणायचं ते म्हटलं.

वाईचा_घाट

दोघांनाही उत्तर देतो, कारण दोघंही बाहेरून बोलताय.

माणदेशी, नुसत्या हॉटेलचा प्रश्न नाही. साठ-सत्तर माणसांचं युनिट महिनोन्‌महिने ठेवायचं तर राहणं, दोन वेळचं जेवण, जनरेटरचं डिझेल, आजारी पडलं तर दवाखाना आणि मुंबईहून कलाकार चार-पाच तासांत पोहोचेल असा रस्ता लागतो. वाई, पाचवड, सातारा हे सगळं हायवेला धरून आहे. आटपाडीला नेलं तर येण्या-जाण्यात कलाकाराचा अख्खा दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की भाग मोडला. मालिका बंद पडाव्यात म्हणताना हेही लक्षात घ्या की खोल्या, डबे, टेम्पो, लाइटवाले, सुतार, गर्दीतली माणसं हा सगळा पैसा गावातच उतरतो.

साडेआठ, तुमचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण शेवट ठरवणं निर्मात्याच्या हातात नसतं. वाडा भाड्यानं घ्यायचा, भिंती रंगवायच्या, एक खोली वाढवायची, कॅमेरा फिरावा म्हणून एखादी भिंत सरकती करायची, हा सगळा खर्च पहिल्या भागाच्या आधी होतो. तो निघायलाच कित्येक महिने जातात. पुढं मालिका चालली तर तिथून कमाई. चालत्या गाडीला ब्रेक लावा म्हणून कोण सांगेल?

आणि शेवट ठरवला तरी टिकत नाही. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क संस्थेचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आकडे येतात पुढच्या गुरुवारी. आकडा पडला की शुक्रवारी चॅनेलची माणसं आणि लेखक बसतात. गोष्टीचा ट्रॅक बदला, अमक्याला परत आणा, लग्न पुढं ढकला. लिहिलेला शेवट तिथंच गळून पडतो.

साडेआठचा_टीव्ही

वाईचा_घाट, तुमच्याच सांगण्यातून माझा मुद्दा पक्का होतो, बघा.

शनिवारी आठवडा सुरू झाला, भाग आवडला नाही. आकडा कळतो बाराव्या-तेराव्या दिवशी. तोवर सात-आठ भागांची बँक चित्रित होऊन पडलेली असते. म्हणजे बदललेला ट्रॅक पडद्यावर दिसतो तो तीन आठवड्यांनी. तेवढ्यात गोष्ट आपोआप पुढं गेलेली असते, नावडलेला भाग लोक विसरलेले असतात, कधी नवं वळण आवडायलाही लागलेलं असतं. आणि नेमकं तेव्हाच तीन आठवड्यांपूर्वीच्या दुखण्याचं औषध दिलं जातं. म्हणूनच पात्रं अशी अचानक फिरतात. चांगली वठत आलेली बाई एका सोमवारी खलनायिका होते, ती याच्यामुळं.

शेवट ठरलेला असेल तर आकडा पडला तरी मागं वळून काय राखायचं ते माहीत असतं. ठरलेला नसेल तर दर गुरुवारी नवी मालिका सुरू होते.

आणि बाहेरून बोलण्याचं म्हणाल, तर मालिका बनते ती बाहेरच्यांसाठीच. आत उभं राहून ती कुणी बघत नाही.

हरिपूर_रोड

लांबीचं चालू द्या. माणदेशींनी बोलीचा विषय काढला तो अर्धाच काढला. "सातारा-सांगलीची बोली" अशी एक बोली नाहीच मुळी. मालिकावाल्यांची चूक ही की ते साताऱ्याचं, सांगलीचं, कोल्हापूरचं एकाच पातेल्यात शिजवतात, आणि माणदेशीही तेच करताहेत.

साताऱ्याकडं विचारतील, "काय करतुयास?" सांगली-कोल्हापूरकडं "काय करायलाईस?", उत्तर येईल "जेवायलोय". हे 'करायलोय' ऐकू आलं की माणूस कऱ्हाडच्या खालचा हे कळतं. मालिकेत सख्खे भाऊ, एक म्हणतो 'करतुया', दुसरा 'करायलोय'. दोघं एका घरात वाढले ना?

दुसरं, कोल्हापूरला लागून असलेल्या पट्ट्यात बायका स्वतःबद्दल "मी आलो", "मी जातो", "मी बोललो" म्हणतात. त्यात पुरुषीपणा नाही, ती तिथली रीत आहे. इतकी ठसठशीत गोष्ट, पण कोल्हापूरकडची म्हणून दाखवलेली नायिका "मी येते हं" म्हणते, पुण्यात म्हणतात तसं. राग दाखवायचा असेल तेव्हाच तिच्या तोंडी 'आलो-गेलो' घालतात, म्हणजे ती बिनधास्त आहे हे दाखवायला. बोलीचा रीतसर नियम घेऊन त्याची स्वभावाची खूण करून टाकली.

तिसरं, नाती. आपल्याकडं सून सासूला आत्या किंवा आत्याबाई म्हणते, सासऱ्याला मामा, मामंजी. मालिकेत सगळीकडं 'आईसाहेब', 'आबासाहेब', 'वहिनीसाहेब'. दहा गुंठे जमीन असलेल्या घरातही साहेब. हे कुठून आलं?

आणि जत. जतच्या पूर्वेकडच्या गावांत घराघरांत कानडी बोलतात. सांगली जिल्ह्यावरची मालिका म्हणता आणि दुकानदाराच्या तोंडी एक कानडी शब्द नाही.

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचं पहिलं नाटक सांगलीत केलं. त्या गावाच्या भाषेची ही गत.

कोरेगावचा

हरिपूर_रोड, भाव्यांना मध्ये आणून काही सिद्ध होत नाही. ते नाटक काही सांगलीच्या बोलीत नव्हतं.

साताऱ्याबद्दल सांगतो. माणदेशींनी दिलेलं "पानी आनलं" हे आमचं नव्हेच. आमच्याकडं ण ठणठणीत आहे. पाणी, लोणी, आणलं, कोण, सगळं ण-नंच. बदलतात ती दुसरी रूपं. "पोरास्नी सांग", "तुमास्नी कुणी बोलावलं", "हितं ये", "म्होरं जा", "कवा आलास", "न्हवं का". संवाद लिहिणारा -स्नी विसरतो आणि फक्त ण चा न करून मोकळा होतो, कारण ते सोपं. शहरातल्या माणसाला "हा गावाकडचा" हे लगेच कळतं.

माणदेशी

कोरेगावचा, तुमच्या घरात ण असेल. सगळ्या वस्त्यांवर आहे का? माणमध्ये चार वाड्यांवर फिरा, दोन्ही ऐकायला मिळेल. एकाच गावात, एकाच आळीत. तुम्ही तुमच्या घरची भाषा जिल्ह्याची म्हणून सांगताय, आणि नेमकी हीच तक्रार मी मालिकावाल्यांबद्दल करतोय.

कोरेगावचा

मग तुम्हीच "पानी" ला चेष्टा का म्हणालात? काही वस्त्यांवर तसं बोलतात म्हणता तर ती चेष्टा कशी?

माणदेशी

कारण ते फक्त गड्याच्या आणि मोलकरणीच्या तोंडी घालतात. मालकाच्या तोंडी ण, गड्याच्या तोंडी न. त्यात चेष्टा आहे. अक्षरात नाही.

हरिपूर_रोड

हे पटलं. आधी असं नेमकं लिहिलं असतंत तर मी वाद घातला नसता.

यात आणखी एक भर घालतो. खरा माणूस समोर कोण आहे ते बघून बोली बदलतो. कऱ्हाडचा कॉलेजचा पोरगा तलाठी कार्यालयात "साहेब, सातबारा पाहिजे होता" म्हणेल, बाहेर येऊन मित्राला "गावला न्हाई की रं" म्हणेल, आणि पुण्यातल्या कंपनीचा फोन आला की तिसरंच काही. पाच मिनिटांत तीन भाषा. मालिकेत तो कलेक्टरपुढंही तेच बोलतो, आईपुढंही तेच, देवापुढंही तेच. बोली खोटी वाटते ती यानं. शब्द एक वेळ बरोबर असतात, पण बोली कुणापुढं बदलायची हे कुणी लिहीतच नाही.

वाईचा_घाट

लिहीत नाही कारण लिहायला वेळच नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. भागात पाच-सहा सीन. संवाद हातात येतात आदल्या रात्री, कधी सकाळी मेकअप चालू असताना मोबाइलवर. ते प्रमाण भाषेत असले तर कलाकार सेटवरच गावरान करतो, आणि प्रत्येक कलाकार आपापल्या गावची भर घालतो. साताऱ्याचा 'करतुया' म्हणतो, जयसिंगपूरचा 'करायलोय'. दोन सख्खे भाऊ दोन भाषा बोलतात ते असे. दुरुस्त करायचं तर सेटवर एक माणूस फक्त बोलीसाठी हवा. संपादनात वाक्य बदलायला गेलं तर ओठ जुळत नाहीत आणि डबिंगला दिवस जातो.

शिवाय चॅनेल एकच, ते सांगलीतही दिसतं आणि गोंदियातही. "म्होरं" कळेल का, असा प्रश्न येतोच.

कोरेगावचा

कळतं सगळं. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आली, त्यातली माणसं मालवणी बोलत होती, लोकांनी बघितली आणि तिचे आणखी दोन सीझन निघाले. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरकडचं बोलायची, ती साताऱ्यातल्या घराघरांत पोहोचली. 'लागिरं झालं जी' २०१७ ते २०१९ चालली. लागिर म्हणजे काय हे मुंबईत किती जणांना ठाऊक होतं? नावातच बोली होती आणि नाव पाठ झालं. भूत लागावं तसं प्रेम लागतं, हे ऐकणाऱ्यानं बरोबर ओळखलं. न कळण्याची भीती चॅनेलला वाटते, प्रेक्षकाला नाही.

खरी अडचण रिमेकची. 'आई कुठे काय करते' बंगालीतल्या 'श्रीमोयी'वरून, 'रंग माझा वेगळा' मल्याळममधून, 'सुख म्हणजे नक्की काय असतं' बंगालीवरून, 'ठरलं तर मग' तमिळवरून. गोष्टीचा सांगाडा बाहेरून आला की गाव नंतर चिकटवावं लागतं. मग बोलीही चिकटवलेलीच राहणार. 'लागिरं' इथंच सुचलेली होती. ज्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारं गाव आहे, तिथं फौजीची गोष्ट कुठून आणावी लागत नाही.

उसाचा_तुरा (आष्टा)

तुम्ही सगळे कानानं मालिका बघताय. डोळ्यांनी बघा, मागचा ऊस बघा.

नायक बांधावरून चालत येतो, मागं तुरा आलेला ऊस. तुरा म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. कॅमेरा फिरून नायिकेवर जातो, तिच्या मागं गुडघ्याएवढा ऊस. परत नायकावर, आता रान मोकळं, पाचट पेटवून काळं झालेलं. तीन मिनिटांच्या एका बोलण्यात पीक वाढलं, तुटलं आणि जळलं. दोघांचे शॉट वेगवेगळ्या आठवड्यांत घेतले आणि मधल्या काळात कारखान्याची टोळी येऊन तोडून गेली, हे शेतकऱ्याला दिसल्याशिवाय राहतं का?

मालिकेतला शेतकरी कधी लागणीचा हंगामही सांगत नाही. आडसाली जुलै-ऑगस्टात, तोड सोळा-अठरा महिन्यांनी. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चौदा-पंधरा महिने. सुरू डिसेंबर ते फेब्रुवारी, बारा महिने. त्यानंतर खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेलं पीक. यावर घराचा पैसा कधी येणार, पोरीचं लग्न कधी धरायचं, हे सगळं ठरतं. ऊस वेळेवर तुटला नाही तर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतं, टोळीच्या मुकादमाच्या हातापाया पडावं लागतं. एवढं नाट्य शेतात उभं असताना घरात ताम्हण पाडत बसतात.

हळदीचंही तेच. आमच्याकडची हळद म्हणजे नऊ महिन्यांचं पीक. काढायची, शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग ड्रममध्ये घालून पॉलिश. तेव्हा कुठं पिवळी दिसते. मालिकेत शेतातनं उपटली की थेट पिवळीधमक पूड हवेत उधळतात.

वाईचा_घाट

उसाचं खरं आहे. उसाच्या कडेनं सीन घ्यायचा तर शेतमालकाला आधी विचारायला लागतं की तोडीची नोंद कधीची, कारखान्याची पाळी कधी. आणि त्या रानातले पुढच्या दोन आठवड्यांचे सीन एकाच दिवशी उरकून घ्यायला लागतात. त्यासाठी दोन आठवड्यांचं लेखन हातात हवं. हातात असतात दोन दिवसांचे संवाद.

गावाकडच्या मालिका तीन-चार महिन्यांत घरात का शिरतात, तेही सांगतो. जून ते सप्टेंबर वाईत पाऊस. नोव्हेंबरपासून गाळप सुरू, उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं जातात, आवाज जागेवरच रेकॉर्ड होत असतो, प्रत्येक ट्रॅक्टरला टेक कापावा लागतो. शिवाय बाहेर ऊन सरकतं, ढग येतो, सावली जुळत नाही. वाड्यातल्या खोलीत लाइट आदल्या दिवशीचेच लावलेले असतात. ज्या वेळात बाहेर एक सीन होतो त्यात आत दोन होतात. बँक संपत आली की दिग्दर्शक आतच घेणार.

साडेआठचा_टीव्ही

या सगळ्या तक्रारी एकाच जागी येतात, हे कुणाच्या लक्षात आलं का? बोलीला माणूस का नाही, वेळ नाही. ऊस का जुळत नाही, दोन आठवड्यांचं लेखन हातात नाही. गाव का दिसत नाही, बँक संपते. लेखन आधी का नसतं? कारण पुढं काय होणार हे कुणालाच माहीत नसतं. शेवट ठरलेला असता तर रानातले सीन लिहून तयार असते. तुम्ही बोलीवर मैलभर भांडलात, आणि मी पहिल्याच पोस्टमध्ये तेच सांगत होते.

आणि माणदेशी, तुम्ही अजून तो शब्द मागं घेतलेला नाही. दिवसभर राबून रात्री अर्धा तास स्वतःच्या आवडीचं बघणाऱ्या बाईला "डोकं नाही" म्हणायचं, आणि आयपीएल दोन महिने रोज चार तास बघणाऱ्या पुरुषाला कुणी काही बोलायचं नाही, हे मला मान्य नाही. इथं ण आणि न मधला उच्चनीच भाव तुम्हीच दाखवून दिलात. तोच भाव तुमच्या त्या वाक्यात आहे.

माणदेशी

आयपीएल मध्ये आणायची गरज नव्हती. मी तेही बघत नाही.

पण शब्द चुकला. प्रेक्षकाबद्दलचं वाक्य मागं घेतो. बोलीबद्दलचं एक अक्षरही मागं घेत नाही, आणि दुष्काळी गावामागच्या नदीबद्दलही नाही. शेवट ठरवला म्हणून गड्याच्या तोंडचा न जाईल असं मला वाटत नाही. त्याला वेळ लागत नाही, नजर लागते.

साडेआठचा_टीव्ही

इतकं पुरे. नजरेबद्दल तुमचं बरोबर आहे, ते माझ्या गणितात बसत नव्हतं.

वाईचा_घाट

मी अजून पटलेलो नाही. पण एक व्यवहार सांगतो. वाड्याचा करार सहसा अकरा महिन्यांचा होतो. पुढं मालक भाडं वाढवतो किंवा घरात लग्न आहे म्हणून वाडा परत मागतो, आणि मग मालिकेत अचानक "आपल्याला हे घर सोडावं लागेल" असा ट्रॅक येतो. निदान अकरा महिन्यांचं, म्हणजे २८५ च्या आसपास भागांचं लेखन एका तुकड्यात बांधा, पुढचं पुढं, असं कुणी चॅनेलपुढं मांडलं तर खर्चाच्या बाजूनं ते बोलण्याजोगं आहे. शेवट म्हणून नको, पहिला सीझन म्हणून मांडा. शेवट हा शब्द तिथं कुणाला चालत नाही.

उसाचा_तुरा

अकरा महिने कशाला, एका सुरू उसाएवढी करा. जानेवारीत सरी सोडून लागण, पहिला भाग. पुढच्या जानेवारीत मोळी बांधून ट्रॉली भरली की शेवटचा भाग. बारा महिने, ३१२ भाग. मागचं पीक आपोआप जुळेल, पावसाळा जिथं यायचा तिथं येईल, सणही तारखेला बसतील. फक्त रान एकच धरा आणि त्या शेतकऱ्याला आधी विचारा.

वाईचा_घाट

बारा महिन्यांत चॅनेल थांबणार नाही. आडसाली धरा, अठरा महिने.

साडेआठचा_टीव्ही

अठरा महिने म्हणजे ४६८ भाग. ताम्हण परत पडायला लागेल. पूर्वहंगामी, पंधरा महिने, आणि बोलीला सेटवर एक माणूस. याच्यापुढं मी जात नाही.